नायिका पन्नाशीकडे झुकलेली, घरात भूत: पॅरानॉर्मल विमेन्स फिक्शन लिहिण्याबद्दल

रेघोटी

पॅरानॉर्मल विमेन्स फिक्शन हे नाव इंग्रजी वाचकांमध्ये रुळलं ते साधारण २०२० पासून, तेरा लेखिकांनी ठरवून एकाच छत्राखाली आपापल्या मालिका आणल्या तेव्हापासून. ढोबळ ओळख अशी: नायिका चाळिशी ओलांडलेली, आयुष्याचा एक टप्पा संपलेला (घटस्फोट, वैधव्य, मुलं घराबाहेर, नोकरी सुटलेली), आणि नेमक्या त्याच वेळी अमानवी काहीतरी तिच्या दारात. प्रेमकथा असली तरी दुय्यम. मैत्रिणी, बहिणी, मुली यांना भरपूर जागा. भय असतं, पण वाचक पुस्तक मिटताना घाबरलेला नसतो.

हा धागा फक्त भूत असलेल्या कथांसाठी. चर्चेला एक नमुना धरू, म्हणजे सगळे एकाच गोष्टीवर बोलतील. नायिका वसुधा, वय ४९, लेखापरीक्षक, घटस्फोटित. आत्याचं जुनं घर तिच्या वाट्याला येतं. त्या घरात इंदू आहे, जी १९६८ साली, २४ व्या वर्षी गेली. इंदूचा मृत्यू अपघात म्हणून नोंदला गेला, पण तो अपघात नव्हता. कादंबरी ७०,००० शब्दांची.

प्रश्न तीन. इंदूला काय करता यावं आणि काय नाही? वसुधाने तिच्यावर विश्वास कधी ठेवावा? आणि शेवटी इंदूने जावं की राहावं?

तळटीप

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बहुतेक हस्तलिखितं तिथेच फसतात. पहिलं प्रकरण लिहायच्या आधी भुताचं एक पान तयार करा. त्यावर या गोष्टी पक्क्या हव्यात: ते कशाला बांधलेलं आहे (घर, वस्तू, व्यक्ती), कुठपर्यंत जाऊ शकतं, कोणाला दिसतं, कोणाला नुसतं ऐकू येतं, वस्तू हलवू शकतं का, आणि हलवली तर त्याची किंमत काय, मृत्यूनंतरच्या काळातलं त्याला काय माहीत आहे, काय आठवत नाही, आणि कशाने सुटतं.

किंमत सगळ्यात महत्त्वाची. इंदू फुकटात दार उघडू शकत असेल, तर खलनायक दारात उभा असताना ती काहीच का करत नाही, हे वाचक विचारणारच. उतरंड ठरवून टाका. पडदा हलवला तर तासभर ती धूसर. पेन उचलून दोन शब्द लिहिले तर एक रात्र गायब. माणसाला ढकललं तर आठवडाभर नाही, आणि परत येईल याची खात्री नाही. ही उतरंड वाचकाला निम्म्या पुस्तकाच्या आत कळलेली हवी, आणि ती सांगून नाही, घडताना. मग शेवटच्या प्रसंगात इंदूने एखादं कपाट जरी सरकवलं, तरी त्याचं वजन वाचकाला समजतं.

दुसरी नेहमीची चूक: भिंतीतून आरपार जाणारं भूत खुर्चीत बसतं. जमिनीतून खाली का जात नाही? कारण द्या, अगदी एका वाक्याचं चालेल. ती सवयीने बसते; जिवंतपणी जे अंगवळणी पडलं होतं तेच तिचं शरीर करतं; भिंतीतून जायला तिला ठरवावं लागतं. एवढ्याने प्रश्न मिटतो आणि स्वभावही दिसतो.

मध्यरात्र११

तळटीप यांच्या यादीतली हद्द कथानकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. भूत कुठेही जाऊन कोणाचंही बोलणं ऐकू शकत असेल तर रहस्यकथा तिथेच संपली. नायिकेने इंदूला पाठवायचं, इंदूने ऐकून यायचं, खेळ खलास. इंदू घराच्या उंबरठ्याबाहेर जाऊ शकत नाही असं ठेवा. मग घराबाहेरचा सगळा तपास वसुधाचा. ती लेखापरीक्षक आहे, तर तिला आत्याच्या जुन्या हिशेबाच्या वह्यांत दरमहा एकाच आकड्याची, नाव नसलेली नोंद दिसू दे. भूत माहितीचा एक तुकडा देतं, अर्थ लावते नायिका. हा नियम कधीही उलटा होऊ देऊ नका.

आता सगळ्यात अवघड गाठ. इंदूचा खून झाला, तर खुनी कोण हे ती पहिल्याच भेटीत का सांगत नाही? मला पटणाऱ्या वाटा तीन.

एक, तिला आठवतच नाही. डोक्याला मार बसला की त्याआधीची काही मिनिटं, कधी काही तास पुसले जातात, हे वैद्यकात माहीत असलेलं आहे. म्हणजे वार मागून आणि डोक्यावर. पण मग ही स्मृती शेवटी सोयीस्करपणे परत आणू नका, ती गेली ती गेली.

दोन, तिला माहीत आहे असं वाटतं, पण ते चूक आहे. तिने पाठमोरी आकृती पाहिली आणि ओळखीच्या कोटावरून माणूस ठरवला. भुताचं बोलणं वाचक खरं धरून चालतो, म्हणून हा धक्का चांगला बसतो.

तीन, माहीत आहे पण ती कोणाला तरी पाठीशी घालते आहे. सगळ्यात बळकट वाट हीच, कारण इथे भूत हे पात्र होतं. तिला स्वतःचं हित-अहित आहे, ती वसुधाशी खोटं बोलू शकते.

"मला सांगायची परवानगी नाही" हे मात्र टाळाच. परवानगी कोणाची, याचं उत्तर द्यायला मग अख्खी परलोकव्यवस्था उभी करावी लागते.

अर्धविराम

विश्वास कधी, या प्रश्नावर.

सत्तर हजार शब्दांत भुताची पहिली खूण ७,००० शब्दांच्या आत यावी. समोरासमोर भेट १२ ते १५ हजारांच्या दरम्यान. वसुधाचा संशय त्यापुढे फार लांबवू नये. हे नाव पाहून पुस्तक उचलणाऱ्या वाचकाला भूत खरं आहे हे आधीच माहीत असतं, त्याला तीस टक्के पुस्तकभर "भास असेल" वाचायचं नसतं. पण संशय अजिबातच नसेल तर नायिका बावळट वाटते. तेव्हा तिला दोन, फार तर तीन लौकिक शक्यता तपासू द्या, आणि त्या बोलण्याने नाही, काहीतरी करून बाद करू द्या.

वापरता येण्याजोगं साहित्य भरपूर आहे. जागं होतानाचा निद्रापक्षाघात: हातपाय हलत नाहीत, छातीवर भार, खोलीत कोणीतरी असल्याची खात्री. हे काही सेकंद ते काही मिनिटं टिकतं. म्हणून पहिला अनुभव अंथरुणात दिलात तर दुसरा उभ्याने, दिवसाढवळ्या द्या. कार्बन मोनॉक्साइड: १९२१ साली अमेरिकेतल्या एका नेत्रवैद्यक नियतकालिकात अशा कुटुंबाची हकिकत छापून आली होती, ज्याला घरात पावलं ऐकू येत, माणसं दिसत, दोष निघाला बिघडलेल्या भट्टीतून घरभर पसरणाऱ्या वायूचा. वसुधाला वायूशोधक यंत्र लावू द्या, आकडा शून्य येऊ द्या. कानाला ऐकू न येणारा, सुमारे १९ हर्ट्झचा ध्वनी: व्हिक टँडी या अभियंत्याने प्रयोगशाळेतली अस्वस्थता आणि डोळ्यांच्या कडेला दिसणारी राखाडी आकृती यांचा संबंध एका पंख्याशी जोडला, १९९८ मध्ये त्यावर लेखही लिहिला. ही एका जागेची गोष्ट आहे, सिद्ध झालेला नियम म्हणून ती पात्राच्या तोंडी घालू नका.

शेवटी विश्वास बसतो तो वसुधाला कोणत्याही मार्गाने कळू न शकणाऱ्या माहितीने, जी नंतर हाताला लागते. फरशीखालची किल्ली, वहीच्या पुठ्ठ्यात शिवलेली पावती. अशी वस्तू निवडताना ती पुढच्या रहस्यातही लागेल अशीच निवडा.

शाईघर

अर्धविराम यांच्या यादीत एक नोंद राहिली, आणि या प्रकारात ती सगळ्यात आधी यायला हवी. वसुधा ४९ वर्षांची आहे. रजोनिवृत्तीच्या आधीचा काळ बहुतेकींना चाळिशीत सुरू होतो आणि काही वर्षं चालतो. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. या काळात रात्री मध्येच जाग येणं, घामाने भिजणं, विसराळूपणा, छातीत धडधड, हे सगळं होऊ शकतं. आता भुतांच्या कथेतल्या खुणा आठवा: रात्री जाग, अचानक गारठा, धडधड, ठेवलेली वस्तू जागेवर नसणं. दोन्ही याद्या जवळपास एकच आहेत! कथेला लागणारा संशय नायिकेच्या शरीरातच तयार असताना लेखक बाहेरून कारणं आणत बसतात, याचं वाईट वाटतं.

तपशील नीट वापरा. उष्णतेची लाट सहसा एक ते पाच मिनिटं राहते: छाती, मान, चेहरा तापतो, घाम फुटतो, आणि लाट ओसरल्यावर पुष्कळदा थंडी वाजते. म्हणजे वसुधाला गारठा जाणवला, तर तो खोलीतला की तिचा स्वतःचा? खोलीत साधा तापमापक ठेवला की उत्तर मिळतं. लाटेत तिचं अंग तापेल, पारा हलणार नाही. इंदू आली तर पारा उतरेल. लेखापरीक्षक बाई वेळ, पारा आणि लाट यांचे तीन रकाने आखून दहा दिवस नोंद ठेवेल. हा अख्खा प्रसंग तिच्या वयातून आणि व्यवसायातून येतो, पंचविशीतल्या नायिकेला तो देता येणारच नाही.

दोन पथ्यं मात्र पाळा. पाळी थांबली आणि शक्ती आली, असं सरळ समीकरण मांडू नका. ते आता पठडीतलं झालं आहे आणि बाईच्या सगळ्या कर्तृत्वाचं श्रेय हार्मोनना जातं. आणि डॉक्टर पात्र आणलंत तर त्याला मूर्ख करू नका. तपासण्या सांगणारी, नीट ऐकून घेणारी डॉक्टर कथेला जास्त उपयोगाची, कारण तिचं म्हणणं वसुधाला उडवून लावता येत नाही.

रेघोटी

तीन रकान्यांची नोंद फार आवडली. एक पोटप्रश्न. वसुधा आणि इंदू एकमेकींशी बोलणार कशा? सुरुवातीला नुसत्या ठोक्यांवर ठेवावं का?

कादंबरीकाठ

ठोक्यांची परंपरा जुनी आहे. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिलमधल्या फॉक्स भगिनींपासून ठोके हे मृतांचं बोलणं म्हणून गाजले; त्यांच्यातल्या मार्गारेटने १८८८ मध्ये, आवाज पायाच्या बोटांच्या सांध्यांतून काढत होतो, असं जाहीरपणे सांगितलं आणि पुढच्या वर्षी ते मागेही घेतलं. संशयी पात्राच्या हाती द्यायला ही माहिती चांगली.

लेखनात ठोक्यांची अडचण वेगाची. देवनागरीतली अक्षरं आणि वर काना-मात्रा ठोक्यांनी मोजत बसलं तर एक नाव लिहायला पान जाईल. एक ठोका हो, दोन नाही, आणि गप्प म्हणजे प्रश्नच चुकला, एवढ्यावर थांबा. या मर्यादेतून रहस्य छान गुंतवता येतं. वसुधा विचारते, "नवऱ्याने मारलं?" दोन ठोके. उत्तर खरं आहे. पण ज्याने मारलं त्याला नवऱ्याने लपवलं, हे विचारायचं तिला सुचलेलंच नाही. मात्र असे दोन प्रसंग पुरे, तिसऱ्याला आवाज फुटू द्या. अख्खं पुस्तक ठोक्यांवर नेलं तर दोघींचं नातं तयार होत नाही, आणि या कथाप्रकारात नातं हाच गाभा आहे.

आवाज फुटल्यावर संबोधनाचा प्रश्न येतो, आणि तो मराठीत टाळता येत नाही. इंदू २४ ची दिसते, पण जन्मसाल १९४४. वसुधा तिच्या आईच्या वयाची दिसते आणि प्रत्यक्षात तिच्याहून कितीतरी लहान. कोण कोणाला "अगं" म्हणणार? मी इंदूला पहिल्या दिवसापासून "तू" वर ठेवीन, कारण घर तिचं आहे. वसुधा आधी "तुम्ही" म्हणेल, आणि ज्या प्रसंगात ती नकळत "अगं इंदू" म्हणते तो नात्याचा सांधा. त्यावर निवेदनात एक शब्दही खर्च करू नका, वाचकाला बरोबर ऐकू येतं.

इंदूच्या भाषेत १९६८ नंतरचा शब्द येतो की नाही, हेही तिच्या हद्दीवर ठरतं. ती घरातच होती, म्हणजे घरात जे आलं ते तिला माहीत. फोन, टीव्ही, आत्याच्या शेवटच्या आजारपणातली औषधं. घराबाहेर जग किती बदललं हे मात्र तिला आत्याच्या बोलण्यावरूनच कळलेलं. तेव्हा आत्याच्या गैरसमजुतीही तिच्यात उतरतील.

मध्यरात्र११

भाषेवरून आठवलं. भूत स्त्री की पुरुष हे काही प्रकरणं लपवायचं असेल तर मराठीत क्रियापद लगेच घात करतं. "मी आले", "मी येतो", "मी पाहत होते" यातलं काहीच चालत नाही. चालतं ते असं: कर्माप्रमाणे चालणारा भूतकाळ ("मी दार उघडलं", "मी पत्र लिहिलं"), भविष्यकाळ ("मी सांगेन", "मी येणार"), "मला" ने सुरू होणारी वाक्यं ("मला आठवतं", "मला जायचंय"), नकार ("मी जात नाही"), आणि "आम्ही" ("आम्ही गेलो"). फसवे प्रयोग लक्षात ठेवा: "बोललो-बोलले", "विसरलो-विसरले", "शिकलो-शिकले" इथे कर्म असूनही लिंग उघडं पडतं. "म्हणालो-म्हणाले" ऐवजी "मी म्हटलं" चालतं. तीन-चार प्रकरणं हे सहज निभतं. त्यापुढे वाक्यं अवघडू लागतात, तिथे लपवाछपवी संपवा.

अर्धविराम

छपाईची एक बाब. भुताचं बोलणं तिरप्या अक्षरांत देण्याची पद्धत इंग्रजीतून येते. देवनागरीच्या बऱ्याच फॉन्टांत खरी तिरपी वळणं नसतात, सरळ अक्षरं यंत्राने कललेली असतात. जोडाक्षरं आणि वेलांट्या वाचताना त्रास होतो. इंदूचं बोलणं अवतरणचिन्हांशिवाय, ओळीच्या आरंभी रेघ देऊन छापा. आणि कोणतीही खूण वापरलीत तरी ती श्राव्य पुस्तकात ऐकू येत नाही, म्हणून इंदूची वाक्यरचनाच वेगळी हवी.

तळटीप

खोलीत तिसरं माणूस असतानाचे प्रसंगही बोलून घेऊ. वसुधाला इंदू ऐकू येते, मुलीला नाही. हे लिहिताना वसुधाचं प्रत्येक वाक्य दोन्ही संभाषणांत बसलं पाहिजे. आधी इंदू-वसुधा संवाद लिहा, मग वसुधाची वाक्यं तशीच ठेवून मुलीची वाक्यं त्यांच्याभोवती रचा. उलट क्रमाने केलं की वसुधा विनाकारण वेड्यासारखी बोलते आणि मुलगी ते दिसत असून दुर्लक्ष करते. पाच-सहा देवाणघेवाणींच्या पुढे ताणू नका.

भुताबद्दल कोणाला कधी सांगायचं, याचाही क्रम आधी ठरवा. प्रत्येक कबुली हा स्वतंत्र प्रसंग आहे आणि प्रत्येकीची प्रतिक्रिया वेगळी असावी. एक मैत्रीण लगेच मानते, आणि तिचा तो उत्साहच अडचणीचा ठरतो. दुसरी भूत मानत नाही पण वसुधाला मानते, त्यामुळे पुरावा न मागता कामाला लागते. मुलगी आईच्या तब्येतीच्या काळजीने घर विकायला निघते, आणि तिच्या बाजूने पाहिलं तर ती बरोबरच आहे. मैत्रिणींचा घोळका एकाच सुरात बोलू लागला की समजा, त्यातल्या एकीला काढायची वेळ आली. माजी नवरा निव्वळ दुष्ट दाखवणं हा असाच सोपा रस्ता. मग वसुधा वीस वर्षं तिथे का राहिली, याचं उत्तर उरत नाही.

भुताची साक्ष कोणापुढे मांडता येत नाही, यावर तर अख्खं मधलं पुस्तक उभं राहू शकतं. वसुधाला सत्य कळलं, पण कुठून कळलं हे सांगायची सोय नाही. इंदूने सांगितलेली प्रत्येक गोष्ट तिला दुसऱ्या, जिवंत मार्गाने पुन्हा सिद्ध करावी लागते. तक्ता करा: घटना, तारीख, त्या वेळी कोणाला माहीत होती, इंदूने कितव्या प्रकरणात सांगितली, कागदावर कुठे सापडली. शेवटचा रकाना रिकामा राहिलेली ओळ म्हणजे कथानकातलं भोक.

शाईघर

भयाचं प्रमाण किती असावं, यावर माझं मत. साधारण २,००० शब्दांचा एक प्रसंग धरला तर पुस्तकात ३५ प्रसंग. इंदू त्यातल्या १४-१५ मध्ये असावी. खरं भय चार-पाच प्रसंगांत, आणि ते इंदूकडून नाही, तर जिवंत माणसाकडून किंवा इंदूच्या एखाद्या न कळलेल्या बाजूकडून. विनोद नायिकेच्या नजरेतून यावा, भुताच्या फजितीतून नको. इंदूचा मृत्यू विनोदाचा विषय झाला की शेवटी वाचकाने हळवं व्हावं ही अपेक्षा फोल.

कादंबरीकाठ

तिसरा प्रश्न उरला. मालिका असेल तर इंदू राहते, एकच पुस्तक असेल तर बहुधा जाते. पण खुनी सापडला आणि लगेच प्रकाशात विरघळली, हे नको. इंदू सुटण्याची अट रहस्याच्या उलगड्याहून वेगळी ठेवा, आणि ती वसुधाला महाग पडणारी असू द्या. घर हाच इंदूचा बंध आहे. वसुधाने घर सोडलं तर इंदू सुटते. घरात राहिली तर तिची सोबत राहते. लग्न मोडल्यावर प्रथमच स्वतःचं म्हणता येईल असं जे मिळालं, तेच सोडायचं. इंदूला काय हवं आणि वसुधाला काय हवं यांत इथे खरा झगडा आहे, आणि तो दोघींनी तोंडाने भांडावा. रहस्याचा निकाल आणि निरोप एकाच प्रसंगात कोंबू नका. मध्ये निदान दोन प्रसंग जाऊ द्या, ज्यांत मुलगी, मैत्रिणी आणि हिशेबाच्या वह्या यांची कामं उरकतील.

मध्यरात्र११

पहिला खर्डा झाल्यावर दोन कसोट्या. इंदूला पूर्ण काढून टाका: तिची माहिती एखाद्या जुन्या पत्रातून मिळाली असती तर कथा तशीच चालली असती का? चालली असती, तर भूत शोभेचं आहे. मग वसुधाचं वय २५ करून पाहा. जे प्रसंग तसेच्या तसे टिकतात ते सगळे पुन्हा लिहायचे. त्याशिवाय इंदूचे सगळे प्रसंग वेगळ्या फाइलमध्ये ओळीने काढून सलग वाचा. किमतीची उतरंड कुठे मोडली, "तुम्ही"चं "तू" कुठे चुकून आधीच झालं, आठव्या प्रकरणात न आठवणारी गोष्ट अकराव्यात कशी आठवली, हे सलग वाचताना लगेच सापडतं.

रेघोटी

मग नमुन्यात हे पक्कं धरते: हद्द उंबरठ्यापर्यंत, कारण तिसरं (इंदू कोणाला तरी पाठीशी घालते आहे), ठोके दोनच प्रसंग, बंध घर. मध्यरात्र११, तिसऱ्या कारणात इंदू खोटं बोलते हे वाचकाला वसुधाच्या आधी कळावं की नंतर?

मध्यरात्र११

किंचित आधी. तापमापकाच्या रकान्यांतून कळू द्या. एका रात्री पारा उतरलेला आहे, म्हणजे इंदू खोलीत होती, आणि दुसऱ्या दिवशी ती म्हणते, मी काल आलेच नाही. वसुधा ती नोंद करते आणि पान उलटते. अर्थ तिला चार प्रकरणांनी लागेल.